दार रुंद होतं, उंच का होत नाही?

आषाढ लागला की आमच्या मंगळवार पेठेत दारं अडकायला लागतात आणि सुताराच्या रंध्याला फुरसत मिळत नाही. यंदा शेजारच्या काकूंना कुणीतरी सांगितलं, दार अडकणं हा वास्तुदोष, उंबऱ्याची शांत करून घ्या. मला त्यांनी वेगळंच विचारलं, "लाकूड कच्चं दिलं असेल का रे सुतारानं?" दोन्ही कारणं खोटी. शांतीवर खर्च करू नका आणि सुतारालाही दोष देऊ नका. चाळीस वर्षं वाळलेलं सागवानसुद्धा पावसाळ्यात फुगणारच.

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे असतात, ते बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेनेच जातात. दमट हवेतले पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मधे शिरतात, तिथल्या पाणी ओढणाऱ्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांना हायड्रोजन बंधाने चिकटतात आणि धागे एकमेकांपासून दूर सारतात. धाग्याची लांबी मात्र तीच राहते. म्हणून लाकूड आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाहीच. हे सुमारे 28 ते 30 टक्के ओलाव्यापर्यंत (म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तितके टक्के पाणी) चालतं. भिंती भरल्या की पुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत साठतं, त्याने लाकूड जड होतं, फुगत नाही.

आडवेपणातही दोन जाती आहेत. ओलं सागवान पूर्ण सुकवलं तर वर्षवलयांच्या कडेने ते साधारण 5.8 टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने फक्त 2.5 टक्के. गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, म्हणजे मज्जाकिरण, त्या दिशेला आवळून धरतात, हे त्याचं एक कारण. फळी खोलगट होते ती याच फरकामुळे.

आता हिशोब करू. उन्हाळ्यात 8 टक्के ओलावा असलेलं लाकूड श्रावणात 17 टक्क्यांवर गेलं असं धरा. 90 सेंटिमीटर रुंदीचं दार नुसत्या फळ्या जोडून केलं, तर ते 15 मिलिमीटरच्या आसपास वाढेल. दोन मीटर उंचीत वाढ जेमतेम एक मिलिमीटर! जुन्या वाड्यांतल्या सुतारांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांनी दाराला चौकट केली. दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी 10 सेंटिमीटर, आणि कुसू-खाचेने, म्हणजे टोकाचं कुसू खाचेत घालून, त्यांत बसवलेल्या आडव्या पट्ट्या. आडव्या पट्टीची लांबी बदलत नाही, म्हणजे दाराच्या रुंदीत भर पडते ती फक्त उभ्या दोन पट्ट्यांची, साडेतीन मिलिमीटर. मधली फळी खाचेत सरस न लावता सैल सोडलेली, तिने आतल्या आत हवं तेवढं फुगावं. मला ही युक्ती कोरीवकामापेक्षा सुंदर वाटते.

फुगणं वेगळं, कुजणं वेगळं. ओलावा 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला फावतं, आणि खांबाचं खालचं टोक नळ्यांची तोंडं उघडी असल्याने पाणी झपाट्याने ओढतं. अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपाचे लाकडी खांब पायथ्याशीच कुजले होते.

हल्ली टिंबर मार्केटमधून आणलेलं लाकूड सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर जातं. "संगणकावर काढलं म्हणजे अचूक" अशी जाहिरात ऐकली की मला राग येतो. संगणकाच्या पडद्यावरचं लाकूड फुगत नाही, लाकडाच्या रेषा, म्हणजे धागे, कुठल्या दिशेला हे आपणच सांगावं लागतं. शिवाय फिरणारं पातं गोल, ते खाचेचा आतला कोपरा काटकोनात काढू शकत नाही. तो शेवटी पटाशीनेच काढावा लागतो.

पण संगणकाला लाकडाचा स्वभाव शिकवला तर काय होतं, ते जर्मनीतल्या उर्बाख गावात 2019 मध्ये दिसलं. तिथे स्प्रूस लाकडाचा 14 मीटर उंच मनोरा उभा आहे, त्याच्या भिंती वाकड्या आहेत, पण त्या साच्यात दाबून वाकवलेल्या नाहीत. ओलसर फळ्यांचे थर रेषा आडव्या-उभ्या ठेवून चिकटवले आणि सुकवले. एक थर आकसला, दुसऱ्याने लांबी सोडली नाही, आणि सपाट तक्ता आपोआप वळला. कुठला ओलावा किती वळण देईल, हे स्टुटगार्टच्या संशोधकांनी आधीच गणिताने काढलं होतं. काकूंचं दार अडवणारा लाकडाचा जो स्वभाव, त्यानेच तिथे भिंत घडवली.