पावसात ईव्हीला हात लावला की शॉक? काहीही हं!

वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं रे तुंबलं की आमच्या ठाण्याच्या सोसायटी ग्रुपवर तोच जुना मेसेज फिरायला लागतो, "इलेक्ट्रिक गाडी पाण्यात नेऊ नका, करंट उतरतो". अहो नाही उतरत. बॅटरी सीलबंद पेटीत असते, बऱ्याच गाड्यांत ती आयपी ६७ असते म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून टेस्ट केलेली, आणि मेन म्हणजे हाय व्होल्टेजचे प्लस मायनस दोन्ही गाडीच्या पत्र्याला जोडलेलेच नसतात, म्हणजे पत्र्यात करंट यायला वाटच नाही; बॉनेटखाली त्या जाड नारंगी केबल दिसतात ना, त्याच.

चार्जिंगचंही तसंच, गन (चार्जरचा तो मोठा प्लग) नीट बसून गाडी आणि चार्जरचा सिग्नल जुळल्याशिवाय करंट सुरूच होत नाही. भीती वाटायचीच असेल तर पहिल्या मजल्यावरून सोडलेल्या त्या एक्स्टेन्शन बोर्डाची वाटू द्या, तेही अर्थिंग नसलेल्या!

उलट पेट्रोल गाडी हवा ओढते, हवेबरोबर पाणी आत गेलं की इंजिन बसलंच. पण म्हणून ईव्हीची होडी करू नका, मोठी गाडी शेजारून गेली की लाटेने ती पण बंद पडू शकते. आणि रात्रभर पाण्यात उभी राहिली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला पण लावू नका, सरळ टो करून सर्व्हिस सेंटरला न्या.