वाऱ्याला जड, भूकंपाला हलकं: फिलिपिन्सच्या घरांपुढचा पेच

१५ ऑक्टोबर २०१३ रोजी फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लोबोक, लून, मारिबोहोक इथली जुनी, भरभक्कम दगडी चर्चं कोसळली. त्यानंतर २४ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, त्याच विसायस द्वीपसमूहावर हैयान वादळ येऊन आदळलं. फिलिपिनो लोक त्याला योलांडा म्हणतात. या वेळी बळी गेला तो हलक्या घरांचा. बांबू, लाकूड आणि पत्र्याच्या वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या आणि ६,००० हून अधिक माणसं दगावली.

महिन्याभरात आलेल्या या दोन आपत्तींनी घराकडून अगदी उलट गोष्टी मागितल्या. भूकंपात जमीन हलते आणि घराला आपल्याबरोबर ओढते. घरावर येणारं बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणून घर जितकं जड तितका हिसका मोठा. वाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. शिवाय छपरावरून वेगाने जाणारी हवा छपराला वर खेचते, आणि तिथे जड घराचाच टिकाव लागतो. फिलिपिन्सच्या हद्दीत वर्षाला सरासरी २० चक्रीवादळं येतात आणि देश पॅसिफिकच्या भूकंपप्रवण पट्ट्यात वसला आहे. तिथली वास्तुकला मला फार मोलाची वाटते ती यामुळेच. हा पेच सोडवण्याचे अनेक शतकांचे प्रयत्न तिथे आजही उभे दिसतात.

सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे बाहाय कुबो. खांबांवर उचललेलं, बांबूचं, निपा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं एका खोलीचं घर. जमीन बांबूच्या कामट्यांची, मध्ये बोटभर फटी. खालच्या मोकळ्या जागेतून, म्हणजे सिलोंगमधून, गार हवा फटींवाटे वर येते आणि उंच, उतरत्या छपराखालून तापलेली हवा निघून जाते. पुराचं पाणी घराखालून वाहतं. वेताने बांधलेले सांधे भूकंपात थोडे सरकतात, करकरतात, पण तुटत नाहीत. आणि छप्पर अंगावर पडलंच तरी माणूस त्याखालून जिवंत निघू शकतो. मोठ्या वादळात हे घर उडतं, हे खरं. पण बांबू आणि झावळ्या परसातच असतात आणि गावकऱ्यांच्या मदतीने ते थोड्या दिवसांत पुन्हा उभं राहतं.

मिंदानाओ बेटावर लानाओ सरोवराकाठी मारानाओ सरदारांची तोरोगान नावाची प्रशस्त घरं आहेत. त्यांचे अजस्र लाकडी खांब जमिनीत पुरलेले नसतात, मोठ्या गोट्यांवर नुसते टेकवलेले असतात. जमीन हादरली की खांब दगडावर डुलतो, सरकतो आणि धक्का पूर्ण ताकदीनिशी वर पोहोचत नाही. आज मोठ्या इमारतींच्या पायात रबराचे थर घालून अभियंते हेच साधतात.

देशाच्या उत्तर टोकाला, बातानेस बेटांवर, लोकांनी वाऱ्याची बाजू घेतली. तिथे वादळं इतकी नेमाने येतात की इवातान लोकांनी स्पॅनिश राजवटीच्या काळात दगड-चुन्याच्या अतिशय जाड भिंती उभारल्या, वर कोगोन गवताचं जाडजूड छप्पर घातलं आणि खिडक्या लहान ठेवल्या. वादळांपुढे ही घरं खंबीर उभी राहिली. मग २७ जुलै २०१९ च्या पहाटे यांपैकीच इत्बायात बेटावर ५.४ आणि काही तासांनी ५.९ तीव्रतेचे भूकंप झाले. आकडे फार मोठे नाहीत, तरी दगडी भिंती ढासळल्या आणि नऊ जण मेले. १९९३ मध्ये किल्लारीला मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी झोपलेल्या माणसांचं जे केलं, त्याचंच हे छोटं रूप.

मनिलात हा धडा स्पॅनिशांना लवकर मिळाला. १६४५ च्या भूकंपात शहरातल्या युरोपीय धाटणीच्या दगडी इमारती कोसळल्या. त्यानंतर जो घरप्रकार रूढ झाला तो बाहाय ना बातो, म्हणजे दगडी घर. हे नाव निम्मंच खरं आहे. खालचा मजला दगडाचा किंवा विटांचा दिसतो, वरचा लाकडाचा. पण खरा भार पेलतात ते जमिनीपासून छपरापर्यंत गेलेले मोलावेसारख्या कठीण लाकडाचे खांब. दगडी भिंत म्हणजे त्या सांगाड्याभोवतीचं नुसतं कवच. भूकंपात ती तडकली तरी वरचा मजला खांबांवर उभा राहतो. १८६३ आणि १८८० च्या भूकंपांनंतर डोक्यावरची जड कौलंही गेली आणि पत्रा आला. बाहाय कुबोचाच हा श्रीमंत वंशज आहे: उचललेला मजला, खाली कोठार, वर वारा. सरकत्या खिडक्यांच्या लाकडी चौकटींत चपट्या, अर्धपारदर्शक कापिस शिंपल्या बसवलेल्या असतात. गोव्यातल्या जुन्या घरांतही अशा शिंपल्यांच्या खिडक्या दिसतात. खिडकीच्या कट्ट्याखाली आणखी एक गजांची झडप असते, वेंतानिया. तिच्यातून रात्री वारा खेळतो. १९९९ पासून जागतिक वारसा असलेल्या विगान शहरात अशा घरांची अख्खी गल्ली उभी आहे.

चर्च मात्र हलकं करता येईना, तेव्हा बांधणाऱ्यांनी त्याला टेकू दिले. १७१० मध्ये पुरं झालेलं पाओय गावचं चर्च २४ प्रचंड आधारभिंतींनी पेललेलं आहे, प्रत्येकीची जाडी दीड मीटरहून जास्त. घंटेचा मनोरा मुद्दाम दूर बांधलाय. उंच मनोरा आणि बुटकं चर्च वेगवेगळ्या लयीत हलतात; चिकटून असते तर एकमेकांवर आपटले असते. मनिलातल्या सान सेबास्तियान चर्चने दगडच सोडला. आधीच्या वास्तू आगीने आणि भूकंपांनी गेल्यावर हेनारो पालासियोस यांनी संपूर्ण पोलादी चर्च आखलं. भाग बेल्जियममध्ये घडवून जहाजांनी आणले आणि १८९१ मध्ये ते उभं राहिलं. पोलाद तुटण्याआधी वाकतं, म्हणून भूकंपाची चिंता मिटली. आता त्याचा शत्रू आहे गंज: पोकळ खांबांत शिरणारं पावसाचं पाणी आणि खाडीची खारी हवा.

विसाव्या शतकात वास्तुकार लेआंद्रो लोक्सिन यांनी काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्याला तरंगतं रूप दिलं. १९६९ मधलं त्यांचं मनिलातलं सांस्कृतिक केंद्र पाहताना बाहाय कुबोचा उचललेला मजला आठवतो. दिसायला हलकं, वजनाला भारी. त्याला तारतात आतल्या सळ्या.

साध्या माणसाला मात्र अशा सळ्या परवडतातच असं नाही, आणि माझ्या मते आजचा खरा धोका तिथेच आहे. आज गावोगावी पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंती आणि वर पत्रा, असं घर बांधलं जातं. सळ्या बारीक किंवा विरळ असल्या की भिंती भूकंपाला जड पडतात आणि नीट न जखडलेला पत्रा वाऱ्यात उडतो. दोन्हीकडून तोटा. एक वाट बांबूच्या सांगाड्यावर सिमेंटचा गिलावा करण्याची आहे. बेस बाहाय ही संस्था अशी घरं बांधते: बांबूला कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करतात, सांधे धातूच्या जोडण्यांनी बांधतात. भार सांगाड्यावर, वाऱ्यासाठी कवच. बाहाय ना बातोचं तत्त्व कमी खर्चात.

जी ब्लॉकची घरं आधीच उभी आहेत त्यांच्यासाठी फिलिपिन्सच्या ज्वालामुखी व भूकंप संस्थेने, फिव्होल्क्सने, जपानी तज्ज्ञांच्या मदतीने १२ प्रश्नांची यादी काढली आहे. घर कोणी बांधलं? भिंत सहा इंच जाड आहे का? सळ्या १० मिलिमीटरच्या आहेत का? छपराखालची त्रिकोणी भिंत नीट जखडलेली आहे का? पायाखालची जमीन टणक की भुसभुशीत? घरमालक हातात पट्टी घेऊन, बांधकामाच्या वेळी गवंड्याने काय घातलं ते आठवून, ही तपासणी स्वतः करू शकतो. गुण कमी पडले तर भिंत कुठे बळकट करायची ते अभियंत्याला विचारायचं.