दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्याला कोणीतरी हा सल्ला देतंच: "२० वॉटचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) कशाला घेतोस? ४० चा घे, दुप्पट आवाज मिळेल." नाही मिळत.

वॉट हे शक्तीचं माप आहे, कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. फरक कळतो, पण बेताचाच. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेव्हा २० च्या दुप्पट आवाज हवाच असेल, तर २०० वॉटचा शोधा आणि शेजाऱ्यांशी आधीच गोड बोलून ठेवा.

स्पीकरकडे मात्र कोणी बघत नाही. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती मोठा वाजतो ते, ९८ डेसिबल; त्यांच्याच व्हिंटेज ३० ची १००. तेवढ्या २ डेसिबलसाठी अ‍ॅम्पची शक्ती दीडपटीहून जास्त वाढवावी लागते.

मग १९६५ च्या सुमारास मार्शल या अ‍ॅम्प कंपनीने 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडसाठी १०० वॉटचे अ‍ॅम्प का बनवले? तेव्हा गिटारचा आवाज बहुतेक वेळा मंचावरच्या अ‍ॅम्पमधूनच थेट प्रेक्षकांपर्यंत जायचा. आता अ‍ॅम्पसमोर माइक लावतात आणि आवाज सभागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून जातो. शिवाय व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) असलेल्या अ‍ॅम्पचा तो खरखरीत, रसरशीत फाटका आवाज, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, पॉवर व्हॉल्व्ह ताणले की खुलतो. १०० वॉटचा अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये तिथवर नेणं अशक्यच. ५ वॉटचा नेता येतो, आणि खरं सांगायचं तर तोही कानठळ्या बसवतो.