लुईझियाना: खरेदीखत नेमकं कशाचं?

1803 मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना हा प्रदेश विकत घेतला. या व्यवहाराचे आकडे बहुतेकांना पाठ असतात: दीड कोटी डॉलर, सुमारे 21 लाख चौरस किलोमीटर, एका फटक्यात देश जवळपास दुप्पट. यातले साडेसदतीस लाख फ्रान्सच्या हाती पडलेच नाहीत. अमेरिकन व्यापाऱ्यांचं फ्रान्सकडे जे येणं थकलं होतं, ते अमेरिकेनेच चुकतं करायचं ठरलं. उरलेल्या रकमेचे रोखे लंडन आणि अॅमस्टरडॅमच्या पेढ्यांनी उचलले. करारानंतर तीन आठवडे उलटायच्या आत इंग्लंड आणि फ्रान्समध्ये युद्ध पेटलं, तरी लंडनच्या पेढीने व्यवहार सोडला नाही.

नवा मुलूख विकत घ्यायची तरतूद राज्यघटनेत नव्हती. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी घटनादुरुस्तीचा मसुदाही करून पाहिला आणि बाजूला ठेवला. वरिष्ठ सभागृहाने ऑक्टोबरमध्ये 24 विरुद्ध 7 मतांनी करार मंजूर केला. यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. खरी गोची ‘खरेदी’ या शब्दात आहे.

विकणाऱ्याचा कब्जा होता कुठे? या प्रदेशातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कारभार स्पेनचाच चालू होता. 30 नोव्हेंबरला तिथे फ्रान्सचा झेंडा चढला आणि 20 डिसेंबरला उतरला. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला ओसेजसारखे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते; त्यांना कोणी विचारलं नाही, आणि या पैशातला डॉलरही त्यांना मिळाला नाही. फ्रान्सने विकला तो फक्त दावा: या लोकांकडून जमीन घ्यायची झाली तर ती आम्हीच घेणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1823 मध्ये या हक्कावर शिक्का मारला. प्रत्यक्ष जमीन पुढे एकेका जमातीशी करार करून, बहुतेकदा दमदाटीने, काढून घेतली गेली. 1808 च्या करारात ओसेजनी आजच्या मिसुरी आणि आर्कान्सामधला मोठा प्रदेश सोडला. म्हणजे सातबारा कसणाऱ्याच्या नावावर नाहीच, आणि सौदा तिसऱ्याच दोघांत. याला नुसती ‘खरेदी’ म्हणणं मला तरी पटत नाही. अलास्काचंही तेच. 1867 मध्ये रशियाला 72 लाख डॉलर मिळाले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या दाव्यांचा निकाल लागायला 1971 उजाडलं.

हा दावा जमिनीवर उतरवायला मोजणी लागली. 1815 च्या शरदात आर्कान्साच्या दलदलीत भूमापकांच्या दोन रेषा एकमेकींना छेदल्या, तिथल्या दोन झाडांवर खुणा कोरल्या गेल्या आणि पश्चिमेची मोजणी तिथून सुरू झाली. मोजणीची साखळी 66 फुटांची. चौरस साखळी म्हणजे बरोबर चार गुंठे, तेव्हा हे माप आपल्याला परकं नाही. सहा मैलांच्या चौकोनात 640 एकरांचे 36 तुकडे, ही पद्धत मात्र 1785 चीच.

मोजणीमागून कचेऱ्या आल्या. 1812 मध्ये अर्थखात्याखाली जमिनीचं स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. ज्या सरकारचे कारकून बोटांवर मोजता येत होते, त्याला आता गावोगावी नोंदणी, वसुली आणि नकाशे सांभाळायचे होते. जमिनीच्या मालकीच्या प्रत्येक सनदेवर सही खुद्द राष्ट्राध्यक्षांची लागायची. 1820 नंतर 80 एकरांचा तुकडाही रोखीने मिळू लागला, तशा सनदा वाढत गेल्या आणि सहीवाचून ढीग तुंबला. शेवटी 1833 मध्ये कायदा करून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सही करायला एक चिटणीस नेमावा लागला.