जस्टिस लीग की ॲव्हेंजर्स? कुणाचा संसार कुठल्या अंकात

सांगलीत विलिंग्डनच्या कट्ट्यावर असो की साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर, सुपरहिरोंचा विषय निघाला की जस्टिस लीग आणि ॲव्हेंजर्स यांची गल्लत हमखास होते. दोन्हीकडे मुखवटे, दोन्हीकडे दुहेरी आयुष्य जगणारे नायक, दोन्हीकडे आकाशातून उतरणारं संकट. लीगचा खलनायक डार्कसाइड याचं चित्र बघून "हा ॲव्हेंजर्सचा थॅनोस ना?" असं विचारणारेही बरेच. जस्टिस लीग डीसीची, ॲव्हेंजर्स मार्व्हलची (दोन्ही अमेरिकी कॉमिक प्रकाशक), एवढं पाठ करून हा गोंधळ सुटत नाही. त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: या पात्राचं खासगी आयुष्य कुठल्या मासिकात चालतं?

जस्टिस लीग 1960 साली 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या 28व्या अंकात आली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, ॲक्वामॅन आणि मार्शियन मॅनहंटर असे सात जण, आणि समोर स्टारो नावाचा ताऱ्याच्या आकाराचा परग्रही राक्षस. या सगळ्यांच्या कथा आधीपासून इतर मासिकांत चालू होत्या. त्यामुळे टीमच्या अंकात कुणाचं लग्न लावता येत नव्हतं, कुणाला मारताही येत नव्हतं. तो निर्णय त्या नायकाच्या मासिकाच्या संपादकाचा. फ्लॅश आणि आयरिसचं लग्न झालं ते 1966 मध्ये, 'फ्लॅश'च्या 165व्या अंकात. सुपरमॅन आणि लोइसचं 1996 मध्ये, सुपरमॅनच्याच विशेषांकात. लीगमध्ये हे सगळे यायचे, संकट परतवायचे आणि आपापल्या घरी जायचे.

मराठी वाचकाला हे नाटकावरून चटकन कळेल. 1921 सालच्या संयुक्त मानापमानात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, पण दोघांच्या नाटक कंपन्या वेगळ्या, बिऱ्हाडं वेगळी, हिशेबही वेगळे. जस्टिस लीग ही असा संयुक्त प्रयोग आहे. ॲव्हेंजर्स सुरू झाली तेव्हा तीही तशीच होती, पण दोन वर्षांत तिची स्वतःची मंडळी झाली.

ॲव्हेंजर्सचा पहिला अंक 1963 चा. आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प. हल्क दुसऱ्याच अंकात बाहेर पडला, कॅप्टन अमेरिका चौथ्या अंकात बर्फात गोठलेला सापडला. कलाटणी मिळाली 1965 च्या 16व्या अंकात. उरलेले संस्थापक रजेवर गेले आणि कॅप्टनच्या हाताखाली हॉकआय, स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर आले. या तिघांना स्वतःचं मासिक नव्हतं. म्हणून त्यांचं प्रेम, भांडण, मत्सर, सगळं टीमच्या अंकातच घडवायची मोकळीक लेखकांना मिळाली. 1968 मध्ये 57व्या अंकात अल्ट्रॉन या खलनायक यंत्रमानवाने घडवलेला व्हिजन आला. पुढे तो आणि स्कार्लेट विच प्रेमात पडले आणि 1975 मध्ये त्यांचं लग्न झालं. कृत्रिम माणूस आणि जादूगारीण यांचं हे नातं म्हणजे ॲव्हेंजर्सची सगळ्यात मोठी कमाई, असं आमचं ठाम मत आहे.

मुख्यालयांतही हाच फरक दिसतो. ॲव्हेंजर्स राहतात न्यूयॉर्कमधल्या टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या वाड्यात. जेवणाचं टेबल एक, घर सांभाळणारा जार्व्हिस एक. एका छपराखाली राहिलं की प्रेमं जुळतातच. गंमत म्हणजे सुरुवातीला याच वाड्यात सगळ्यात मोठं गुपित होतं: आयर्न मॅन हा स्टार्कचा अंगरक्षक आहे, अशी थाप खुद्द स्टार्कने सहकाऱ्यांना मारून ठेवली होती. लीगचं मुख्यालय आधी एका डोंगरातली गुहा होतं. 1970 मध्ये ते पृथ्वीपासून 22,300 मैलांवरच्या उपग्रहावर गेलं. तिथे कुणी संसार मांडत नाही. पहाऱ्याची पाळी संपली की माणूस खाली आपल्या चष्म्यात आणि नोकरीत परततो. गुप्त ओळख टिकवायला ही सोय उत्तम, कथेत जिव्हाळा आणायला मात्र अवघड.

लीगमध्ये प्रेम कधीच फुललं नाही असं नाही. कुणाचं फुललं ते बघा. 1969 च्या 74व्या अंकात ॲक्वेरियस नावाचा सजीव तारा समांतर विश्वातल्या दुसऱ्या पृथ्वीवर उतरतो. ब्लॅक कॅनरीला वाचवताना तिचा नवरा लॅरी मरतो. ती आपलं जग सोडून लीगच्या जगात येते आणि पुढे ग्रीन ॲरोच्या प्रेमात पडते. त्या काळात दोघांपैकी कुणालाही स्वतःचं मासिक नव्हतं! उलट 2012 मध्ये सुपरमॅन आणि वंडर वुमन एकत्र आले, तेव्हा पुढच्याच वर्षी त्या जोडीसाठी वेगळं मासिक काढावं लागलं.

आता खलनायक. डार्कसाइड आधीचा, 1970 चा, जॅक कर्बी यांचा. थॅनोस 1973 चा, जिम स्टार्लिन यांचा. साम्य योगायोगाचं नाही. थॅनोस आधी सडपातळ होता; संपादक रॉय थॉमस यांनी त्याला डार्कसाइडसारखा दणकट करायला सुचवलं, हे स्टार्लिन यांनीच सांगितलंय. ओळखायची खूण: डार्कसाइडची कातडी राखाडी, दगडासारखी, डोळे लाल, आणि त्या डोळ्यांतून निघणारे किरण कोपऱ्यावरून वळतात. थॅनोस जांभळा, हनुवटीवर उभ्या खाचा.

त्याहून महत्त्वाचा फरक हेतूचा. डार्कसाइडला 'अँटी-लाइफ इक्वेशन' हवं आहे, म्हणजे प्रत्येक जिवाची इच्छाशक्ती ताब्यात घेणारं सूत्र. त्याला कुणीच आवडत नाही. थॅनोस प्रेमात पडलेला आहे, आणि तेही साक्षात मृत्यूच्या, जी इथे एक स्त्री आहे. 1991 च्या कथेत सहा रत्नं गोळा करून तो चुटकीसरशी विश्वातले अर्धे जीव मारतो, ते तिला खूश करायला. तरी ती त्याच्याकडे बघत नाही. चित्रपटात हा हेतू बदलून साधनसंपत्तीच्या टंचाईचा केला. क्विझमध्ये "थॅनोसने अर्धं विश्व का संपवलं?" हा प्रश्न आला की कॉमिकमधला की पडद्यावरचा हे आधी विचारून घ्यावं, कारण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

संस्थापक कोण, या प्रश्नाचंही तसंच. डीसीने 1985-86 च्या महाकथेनंतर इतिहास नव्याने लिहिला आणि संस्थापकांत वंडर वुमनच्या जागी ब्लॅक कॅनरी आली. 2011 मध्ये पुन्हा नवी मांडणी झाली; मार्शियन मॅनहंटरची जागा सायबॉर्गने घेतली आणि स्टारोऐवजी पहिला शत्रू डार्कसाइड ठरला. मार्व्हलने कॉमिकमध्ये असा इतिहास पुसला नाही, पण 2012 च्या चित्रपटात अँट-मॅन आणि वास्पऐवजी कॅप्टन अमेरिका, ब्लॅक विडो आणि हॉकआय पहिल्या सहांत आहेत.

वाचायला सुरुवात करायची तर दोन्हीकडे पहिला अंक टाळावा. तिथे माणसांची नीट ओळख होत नाही. ॲव्हेंजर्ससाठी 57 ते 60 वाचा, साठाव्यात वास्पचं लग्न आहे. मग 89 ते 97 हे नऊ अंक, क्री आणि स्क्रल या दोन परग्रही साम्राज्यांचं युद्ध. व्हिजनचं प्रेम त्याच युद्धात उघडं पडतं. लीगसाठी 74 आणि 75 घ्या. अंक शोधताना क्रमांकासोबत साल जरूर बघा. ॲव्हेंजर्सची मालिका 1996 आणि 1998 मध्ये पुन्हा एकपासून सुरू झाली, त्यामुळे नुसतं "अंक 4" म्हटलं तर बर्फातला कॅप्टन अमेरिका मिळेलच असं नाही; 1964 चा म्हणून मागा.