मार्सेलिसचा जुना धक्का

मराठी माणसाला मार्सेलिस ठाऊक आहे ते सावरकरांच्या एका उडीपुरतं. ८ जुलै १९१०, ‘मोरिया’ बोट, शौचकूपाचं गोल पोर्टहोल आणि खाली भूमध्य समुद्र. गावाच्या नावाचा आपला उच्चारही इंग्रजांच्या वाटेने आलेला; तिथले लोक ‘मार्सेय’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे भारताच्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटन केलं तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत पुन्हा आलं आणि पुन्हा त्या उडीपाशीच थांबलं. वास्तविक या बंदराला हिंदुस्थानातून त्या उडीच्या जवळपास चारशे वर्षं आधीपासून काही ना काही येऊन लागत होतं. एकदा तर गेंडाही येऊन गेला. पण तो नंतर.

हे गावच मुळी समुद्रावरून आलेल्यांनी वसवलं. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकेया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथल्या अरुंद खाडीत शिरले. कथा अशी की, त्या दिवशी इथल्या लिग्युरियन राजाच्या मुलीचं, जिप्तिसचं, स्वयंवर होतं. मेजवानी आटोपल्यावर मुलगी ज्याच्या हाती पेला देईल तो नवरा, अशी रीत. तिने पेला दिला तो आयत्या वेळी पंगतीला बसलेल्या प्रोतिस नावाच्या ग्रीकाला. आंदण म्हणून खाडीकाठची जमीन मिळाली आणि मसालिया उभं राहिलं. कथेला पुरावा काय मागायचा! पण परक्याला जावई करून घेणारं गाव, अशी ओळख मार्सेलिस आजही हौसेने सांगतं. नेहमी तसं वागलं मात्र नाही.

याच गावचा दर्यावर्दी पिथिअस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात जिब्राल्टर ओलांडून ब्रिटनपर्यंत गेला आणि भरती-ओहोटीचा चंद्राशी संबंध असल्याचं सांगता झाला. भूमध्य समुद्राला भरती जेमतेम, त्यामुळे मायदेशी त्याला बऱ्याच जणांनी थापाड्या ठरवलं. पुढे सीझर आणि पाँपे यांच्या भांडणात मसालियाने पाँपेची बाजू घेतली, इसवी सनापूर्वी ४९ मध्ये सीझरने वेढा घालून गावाचं आरमार काढून घेतलं आणि ग्रीकांचा रुबाब संपला.

हे सारं ग्रंथांतच राहिलं असतं. १९६७ साली शेअरबाजाराच्या इमारतीमागे खोदकाम सुरू झालं आणि जमिनीतून ग्रीक तटबंदी आणि प्राचीन बंदराचा धक्का वर आला. १९७४ मध्ये तिथेच एक रोमन मालवाहू जहाज सापडलं. हवा लागली की असं भिजलेलं लाकूड तडकतं, म्हणून ते गोठवून वाळवलं. आज हा धक्का आणि ते जहाज इतिहास संग्रहालयात आहे, आणि संग्रहालयाची वाट जाते एका शॉपिंग सेंटरमधून. म्हणजे कपड्यांच्या सेलच्या पाट्या ओलांडल्या की रोमन काळ.

खाडीच्या दक्षिण अंगाला सँ-व्हिक्टरचा मठ आहे, पाचव्या शतकातला, बाहेरून किल्ल्यासारखा दणकट. दर २ फेब्रुवारीला तिथे हिरव्या मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघते, आणि जवळच्याच १७८१ पासून चालू असलेल्या भट्टीवर ‘नाव्हेत’ घ्यायला रांग लागते. नाव्हेत म्हणजे होडीच्या आकाराचं बिस्किट: बोटभर लांब, मध्ये उभी चीर, संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास, आणि दाताला चांगलंच कडक. संतमंडळी होडीतून या किनाऱ्याला लागली, त्या होडीची ही आठवण म्हणतात.

आता गेंडा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला होता. अल्बुकर्कने गोव्याहून तो लिस्बनला राजाकडे रवाना केला. १५१५ च्या मे महिन्यात तो तिथे पोचला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. तिकडचे लोक त्याला ‘गंडा’च म्हणत, नाव बरोबर इथलंच गेलं. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला नजर करायचं ठरवलं आणि रोमच्या वाटेवर, १५१६ च्या सुरुवातीला, जहाज मार्सेलिससमोरच्या इफ नावाच्या खडकाळ बेटावर थांबलं. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा तेव्हा याच भागात होता. तो मुद्दाम गेंडा बघायला आला. पुढच्या प्रवासात इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडांनी बांधलेला गेंडाही त्याच्याबरोबर गेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न बघताच, कुणाच्या तरी रेखाटनावरून, अंगावर चिलखत असल्यासारखा काढला, आणि युरोप पुढे दोन-अडीच शतकं तोच खरा गेंडा मानत राहिला. फ्रान्स्वाने मात्र बेट लक्षात ठेवलं असावं. काही वर्षांतच, १५२४ मध्ये, तिथे किल्ल्याचं काम सुरू झालं. पुढे त्याचा तुरुंग झाला. अलेक्झांडर द्युमाने आपल्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ला इथेच डांबलं, आणि आता पर्यटकांना त्या काल्पनिक कैद्याची कोठडी भुयारासकट दाखवतात. गेंड्याची आठवण त्या मानाने कमीच निघते.

मार्सेलिसकरांचं राजाशी कधी सरळ जमलं नाही. १६६० मध्ये चौदावा लुई गावात शिरला तो वेशीतून नव्हे, तटाला भगदाड पाडून. बंदराच्या तोंडाशी त्याने सँ-निकोला किल्ला बांधला, आणि त्याच्या तोफांचा रोख समुद्राइतकाच गावावरही होता. पण पैसाही त्यानेच आणला. १६६९ मध्ये बंदर जकातमुक्त झालं आणि पूर्वेकडचा माल इथे ओसंडू लागला. त्यात हिंदुस्थानी छिटाचं कापड होतं. त्याला फ्रेंचांनी नावच ‘इंदिएन’ दिलं. १६४८ मध्येच इथल्या एका पत्ते बनवणाऱ्या कारागिराने कापडावर तसे छाप उठवायला सुरुवात केली होती. लाकडी ठशांचं काम त्याच्या हातातलंच. पुढे रेशीम आणि लोकरवाल्यांच्या ओरड्यामुळे १६८६ मध्ये फ्रान्सभर या कापडावर बंदी आली, ती १७५९ पर्यंत टिकली. आज त्या भागात ‘अस्सल प्रोव्हान्सचे’ म्हणून जे मेजपोश विकतात त्यांवर आपली कोयरी दिसते, ती या वाटेने गेलेली.

कापडानेच या गावाचा घात केला. २५ मे १७२० रोजी ‘ग्राँ-सँ-आंत्वान’ हे जहाज सीरिया-लेबनॉनच्या किनाऱ्यावरून रेशीम आणि सुती गासड्या घेऊन आलं. वाटेत एक प्रवासी, अनेक खलाशी आणि जहाजावरचा वैद्यसुद्धा मेला होता. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराने जहाजाला थारा दिला नव्हता. मार्सेलिसची विलगीकरणाची व्यवस्था तोवर युरोपात नावाजलेली. संशयित जहाज दूरच्या बेटाकडे पाठवायचं, माल आणि माणसं वेगळी ठेवायची, हे नियम तिथे पाठ होते. पण त्या मालात भागीदार होता खुद्द नगराचा पहिला कारभारी एस्तेल, आणि तो माल बोकेरच्या जुलैतल्या जत्रेला पोचायचा होता. किमती गासड्या बेटाऐवजी गावालगतच्या विलगीकरणाच्या वखारीत उतरवल्या गेल्या. तिथून चोरटं कापड गावात आलं, आणि कापडाबरोबर पिसवा.

पिसवांचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवलं गेलं १८९८ मध्ये, कराचीत, आणि तेही पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरकडून. पुण्या-मुंबईत प्लेगने घरं ओस पाडली, त्याच साथीच्या दिवसांत.

१७२० च्या ऑगस्टअखेर मार्सेलिसमध्ये दिवसाला हजाराच्या घरात माणसं मरत होती. ला तुरेतच्या मोकळ्या जागेवर उन्हात आठवडेच्या आठवडे प्रेतं पडून होती. सप्टेंबरात शव्हालिए रोझ या अधिकाऱ्याने गलबतांवरचे कैदी आणि काही सैनिक घेऊन ती तटाच्या पोकळ बुरुजांत लोटली. त्या कैद्यांपैकी फारच थोडे वाचले. नव्वद हजारांच्या गावात साधारण चाळीस हजार गेले. जहाज राजाज्ञेने जाळण्यात आलं. त्याचा कप्तान, शातो नावाचा, इफ बेटावरच्या किल्ल्यात कैदेत जाऊन पडला. एस्तेल मात्र निभावला. १९७८ मध्ये पाणबुड्यांना जार बेटाशी त्या जहाजाचे अवशेष सापडले. त्याचा लोखंडी नांगर त्याच इतिहास संग्रहालयात ठेवलाय. त्या हकिगतीतली डोळ्यांनी बघता येण्यासारखी ही वस्तू, आणि मला विचाराल तर संग्रहालयात ग्रीक भांड्यांआधी तीच बघावी.

थोडं हसण्यासारखंही आहे. ‘एका सार्डिनने मार्सेलिसचं बंदर अडवलं’ अशी या गावच्या बढाईखोरपणाची म्हण फ्रान्सभर आहे. एवढासा तारली मासा बंदर कसं अडवेल? खरी गोष्ट अशी की, १७८० मध्ये पाँडिचेरीकडून सुटलेले फ्रेंच कैदी घेऊन ‘सार्तीन’ नावाचं जहाज आलं आणि बंदराच्या तोंडाशी रुतलं. ‘सार्तीन’ची ‘सार्दीन’ कुणी केली ते आता कोण सांगणार.

पुढच्या काळातल्या बऱ्याच गोष्टी सर्वांना माहीत आहेत. फ्रान्सचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं स्ट्रासबुर्गमध्ये. १७९२ मध्ये मार्सेलिसचे स्वयंसेवक ते गात पॅरिसला गेले म्हणून गावाचं नाव त्याला चिकटलं. टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दचं आजचं मंदिर १८६४ चं. गावकरी तिला ‘बोन मेर’, म्हणजे भली आई म्हणतात. आत छतापासून छोटी छोटी जहाजं टांगलेली आहेत: वादळातून वाचलेल्यांनी फेडलेले नवस. नवसाची ही रीत आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वाफेच्या बोटींना जुनी खाडी अपुरी पडू लागली, तेव्हा उत्तरेला ला जोलिएतची नवी गोदी झाली. १८६९ मध्ये सुएझ खुला झाला आणि मुंबईची टपाल बोट इथे लागू लागली. विलायतेला जाणारे पुष्कळ जण इथेच उतरून पुढे आगगाडी धरत. सावरकरांची बोट उलट दिशेची, कैदी घेऊन मुंबईकडे निघालेली. ते पोहत धक्क्याला लागले, धावले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत बोटीवरच्या इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला राजकीय कैदी असा सोपवता येतो का, यावर प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात लवादाने म्हटलं की, सोपवण्यात अनियमितपणा झाला खरा, पण म्हणून ब्रिटनवर कैदी परत देण्याचं बंधन येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांना ‘सावरकर खटला’ आजही वाचावा लागतो. त्या उडीनंतर चारच वर्षांनी, सप्टेंबर १९१४ अखेर, हजारो हिंदी सैनिक याच बंदरात उतरले. फ्रान्स वाचवायला.

जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी, फ्रेंच पोलिसांच्या मदतीने, जुन्या धक्क्याच्या उत्तरेची वस्ती रिकामी केली. खलाशी, इटालियन, ज्यू, गरीबगुरीब, वीस हजारांहून अधिक लोक बाहेर काढले. शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं, आणि फेब्रुवारीत सुमारे पंधराशे इमारती सुरुंगाने उडवल्या. नगरपालिकेची इमारत आणि दोन-चार जुने वाडे तेवढे राहिले. युद्धानंतर पाया खणताना त्या ढिगाऱ्याखाली रोमन वखार लागली. धान्य-दारू साठवायचे माणसाएवढे मातीचे रांजण जमिनीत पुरलेले, जागच्या जागी. वर नवी घरं बांधली, खाली रांजण तसेच ठेवले. तिथे आता छोटं संग्रहालय आहे.

धक्क्यावर सकाळी अजून मासळी विकतात. तिथेच पायाखाली जमिनीत एक फलक बसवलाय: इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकेयाहून आलेले ग्रीक खलाशी इथे उतरले.