कृत्रिम हिमनदी आणि हिमस्तूप एक नव्हेत

धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या फडात, म्हणजे सामाईक पाटपाण्यावरच्या शेतीत, बारीची (पाणी मिळण्याच्या पाळीची) वाट पाहत बांधावर बसलेल्या माणसाला लडाखची अडचण फोड करून सांगावी लागत नाही. पाणी आहे, पण पिकाला हवं तेव्हा नाही. लेह सुमारे ३५०० मीटर उंचावर, वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. धुळ्यात याच्या पाचपट तरी पडतो. तिथली शेती वितळलेल्या बर्फावर चालते. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि डोंगरमाथ्यावरच्या हिमनद्यांचं पाणी खाली पोचतं जूनमध्ये. हिवाळ्यात शेतं गोठलेली असतात, तेव्हा मात्र ओढे वाहून जातात.

ते पाणी थिजवून ठेवण्याच्या दोन रीती आहेत आणि आपल्याकडे त्या सर्रास एक समजल्या जातात.

कृत्रिम हिमनदी चेवांग नोर्फेल या अभियंत्याची. हिवाळ्यात उघड्या ठेवलेल्या नळाचं पाणी झाडांच्या सावलीत गोठलेलं त्यांनी पाहिलं. वाहता ओढा गोठत नव्हता, संथ पाणी गोठत होतं. मग त्यांनी गावाच्या वर, डोंगराच्या सावलीत पाणी वळवून दगडी बांध घातले. बांधाआड पाणी मंदावतं, थरावर थर गोठतो. पहिली १९८७ मध्ये फुकत्से गावी झाली. आपल्या नालाबंडिंगचीच चाल म्हणा ना, फक्त मुरवण्याऐवजी गोठवायचं. खर्च कमी, पण उंची आणि सावली हवीच.

हिमस्तूप सोनम वांगचुक यांचा, २०१३ पासूनचा. तो उभा असतो, आणि सगळी मेख त्या आकारात आहे. वरच्या ओढ्यातून पाइपाने पाणी खाली आणतात. उतारामुळे ते पंपाविना कारंज्यासारखं उसळतं, कडाक्याच्या थंडीत पडता पडता गोठतं आणि शंकू चढत जातो. त्या आकारात बर्फ पुष्कळ, पण उन्हाला लागणारा पृष्ठभाग थोडा, म्हणून गावाजवळ, उन्हातही तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो. जीव लावावा लागतो तो पाइपाला. पाणी आतच गोठलं की काम थांबतं.

म्हणून गावाच्या वर सावलीची घळ असेल तिथे मला नोर्फेल यांचे बांधच बरे वाटतात. ती नसेल तर स्तूप. पाणी उतरलं की वाटणी दोन्हीकडे तशीच, आपल्या पाटकऱ्यासारखा तिथे चुरपोन असतो. कुणाच्या शेताची बारी कधी, हे तोच पाहतो.